मामाजी, स्मोक!

मोबाइलवरच्या खेळासाठी चार जणांचा स्क्वॉड जमवायचा म्हटलं की आमच्या सालेकसात पहिले तीन गडी चहाला उकळी फुटायच्या आत मिळतात. एक असॉल्टर, म्हणजे दार फोडून आत शिरणारा. एक स्नायपर, म्हणजे टेकडीवर पालथा पडून दूरच्याला टिपणारा. आणि एक आयजीएल, म्हणजे बाकीच्यांना हुकूम सोडणारा. या शेवटच्या पदाला एवढी मागणी आहे की काही स्क्वॉडमध्ये तीन-तीन आयजीएल असतात आणि कुठे उतरायचं यावर वाद चालू असतानाच विमान बेट ओलांडून समुद्रावर पोचतं. अडतं ते चौथ्यापाशी. "सपोर्ट कोण?" असं विचारलं की टपरीवरचे सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागतात.

त्यांचंही बरोबर आहे. बंदूक चालवायची हौस कुणाला नसते? पण पडलेल्यांना उठवायचं, गोळ्या वाटायच्या, धूर करायचा, गाडी हाकायची आणि शेवटी "तुमच्यामुळं हरलो" हे ऐकून घ्यायचं, या जागेसाठी जाहिरात काढली तरी अर्ज येत नाहीत. मग वयानं मोठा, संध्याकाळी रिकामा आणि ज्याच्याकडून घरात कुणाच्याच फारशा अपेक्षा उरलेल्या नाहीत असा माणूस शोधतात. आमच्या घरात शोधायला वेळ लागला नाही.

तशी माझी पात्रता कागदोपत्री होती. नोकरीच्या पहिल्या ऑर्डरवर 'कनिष्ठ सहायक' असं लिहिलेलं. पुढं बढती मिळाली तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. ऑर्डर उघडून पाहिली, तर 'वरिष्ठ सहायक'. ज्याला सरकारनं दोनदा लेखी कळवलंय की बाबा, तू सहायक आहेस, त्यानं मोबाइलमध्ये तरी नायक व्हायची स्वप्नं का पाहावीत?

खेळात शिरलो तो मात्र ओटीपीच्या वाटेनं. पब्जीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली तेव्हा भाचा लहान होता. दोन दिवस तो भाकरीकडं पाठ करून बसला होता, एवढं आठवतं. 2 जुलै 2021 ला तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, असं नाव लावून परत आला. साध्या फोनवरही चालणारा म्हणून खेड्यापाड्यात लाडका होता तो फ्री फायर; त्याच्यावर सरकारनं बंदी आणली ती नेमकी 14 फेब्रुवारी 2022 ला. त्या दिवशी तालुक्यातली निम्मी पोरं तोंड पाडून फिरत होती आणि प्रत्येकाच्या आईला भलताच संशय आला होता. मग जुलै 2022 मध्ये बीजीएमआयही दिसेनासा झाला आणि मे 2023 मध्ये पुन्हा उगवला, पण अटी-शर्तींसह: अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास, आणि पालकाची संमती ओटीपीनं. भाचा तेव्हा शिकायला आमच्याकडं आलेला. त्याच्या वडिलांच्या गावी फोन धुऱ्यावर चढून उभं राहिलं तरच लागतो. त्यामुळं पालक म्हणून माझा नंबर दिला गेला, आणि आलेले आकडे मी मोठ्यानं वाचून दाखवले. सपोर्ट म्हणून माझी पहिली कामगिरी ती.

या देशी अवताराची एक गोष्ट मला लगेच आवडली. इथं रक्त हिरवं असतं आणि शत्रूला मारत नाहीत, 'फिनिश' करतात. आम्ही कचेरीत प्रकरणं निकाली काढतो तेव्हाही कुठं रक्त सांडतं?

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, चार-चारच्या टोळ्या. घराघरांत पडलेल्या बंदुका, गोळ्या, औषधं उचलायची. सुरक्षित वर्तुळ आवळत जातं, बाहेर राहील तो निळ्या पट्ट्यात झिजून जातो, आणि शेवटी जी टोळी उरते तिला चिकन डिनर. हे अर्थात आपल्या ताटात येत नाही.

भाच्यानं दिलेलं प्रशिक्षण एका वाक्याचं होतं: "मामाजी, तुमी काई करू नका जी, फक्त माह्या मागं मागं राहा." नव्या सपोर्टला सगळे हेच सांगतात आणि ते साफ चूक आहे. मागं नाही, तिरपं राहायचं असतं. एका रेषेत चाललात तर समोरच्याला बंदूक हलवायचीसुद्धा गरज नाही, एकाच फैरीत दोघे आडवे. आपला गडी पडला तर चार ढांगांत पोचता यावं, पण त्याला पाडणाऱ्याच्या नजरेत आपण येऊ नये, एवढं अंतर. आणि तो पडला त्याच क्षणी, पाडणारा बंदुकीत गोळ्या भरत असतानाच, त्याला गाठायचं. रडायला नंतर वेळ असतो.

बॅगेचंही तसंच. नवखा माणूस गोळ्याच गोळ्या भरतो. सपोर्टनं गोळ्या बेतानं घ्याव्यात आणि जागा ठेवावी स्मोकला, म्हणजे धुराच्या बॉम्बला. फर्स्ट एड किटनं तब्येत पाऊणच भरते. वरचा पाव एनर्जी ड्रिंक आणि पेनकिलरवर काढावा लागतो, त्यामुळं तेही हवं. शिवाय कुणाची बंदूक काय खाते ते पाठ पाहिजे: एम416 ला 5.56, एकेएमला 7.62. भाचा वाटेत तीनदा बंदूक बदलतो. मी 5.56 जमवून नेऊन देतो तोवर त्याच्या हातात एकेएम असते आणि तो म्हणतो, "हे काय आनलं जी?" सगळ्यात भक्कम ते लेव्हल थ्री हेल्मेट मला सापडलं तर मात्र तिघांचेही आवाज एकदम मऊ होतात. "मामाजी, तुमाले जड होत असन ना ते?"

आता परवाची मॅच. पोचिंकी हे खेळातल्या एरांगेल बेटावरचं मधोमधचं गाव. गावाबाहेर उघडं रान, पलीकडं दुमजली घर, वरच्या खिडकीत शत्रू. मी म्हटलं, "बाबू, थांब, गाडी आणतो." भाचा धावला. लगेच कानात: "नॉक! नॉक झालो जी मामाजी!" पडलेला गडी हातापायांवर रांगतो आणि त्याची तब्येत थेंबथेंब गळत राहते. ती संपायच्या आत कुणीतरी जवळ बसून त्याला उठवायचं, आणि त्याला लागतात दहा सेकंद. दहा सेकंदांत काय होतंय, असं ज्याला वाटतं त्यानं ती उघड्या रानात, वर खिडकीत बंदूकवाला बसलेला असताना मोजून पाहावीत.

म्हणून आधी स्मोक. नवा सपोर्ट तो पडलेल्याच्या डोक्यावरच टाकतो. मग शत्रू त्या एकाच ढगात डोळे मिटून गोळ्या झाडतो, कारण ढगात कोण आहे हे त्याला पुरतं ठाऊक असतं. धूर हवा शत्रूच्या आणि आपल्या माणसाच्या मधे, आणि तोही रुंद, दोन-तीन स्मोकचा. म्हणजे नेमकं कुठल्या टोकाला उठवाउठवी चाललीय ते कळू नये. स्मोक फुटून पसरायला क्षणभर जातो. तेवढ्यात "मामाजी, स्मोक! मामाजी, स्मोक!" हा घोष चालूच, स्मोक हवेत उडताना दिसत असला तरी.

धूर पसरला. मी धावत जाऊन भाच्याजवळ बसलो. आकडे उतरू लागले आणि त्याच वेळी दरेकसाकडून कोळशाची मालगाडी आली. आमचं सालेकसा हावडा-मुंबई मार्गावरचं स्टेशन, घर रुळाजवळ. 58 डबे जाईपर्यंत भांडी वाजतात, आणि पावलांचा आवाज ऐकणं हे ज्याचं मुख्य काम त्या सपोर्टला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. मी फक्त पडद्यावरचा आकडा बघत बसलो. तीन, दोन, एक. भाचा उठला! आता त्यानं काय करायला हवं? आडोसा धरायचा, पट्टी बांधायची. तो "आता नाही सोडत साल्याले" म्हणत धुरातून थेट त्याच घराकडं पळाला. गाडीचा गार्ड जायच्या आत पुन्हा: "नॉक!"

मॅचनंतर चौकशी बसली. तीन विरुद्ध एक मतानं ठराव झाला: मामाजीनं कव्हर नाही देल्ला.

हे दुखणं फक्त सालेकसाचं नाही. संगणकावरच्या डोटा 2 या खेळात पाच जणांचा संघ असतो आणि त्यांना चक्क 1 ते 5 क्रमांक दिलेले असतात. क्रमांक गुणांचे नाहीत, कमाईचे. मैदानातल्या सोन्यावर पहिला हक्क एकचा, मग दोनचा, असं उतरत उतरत पाचव्याला उरलंसुरलं. हा पाचवा म्हणजे हार्ड सपोर्ट. त्याच्या नावे अंत्योदय योजनेचं पिवळं कार्ड काढायला हरकत नाही. तो अंधाऱ्या रानात जाऊन 'वॉर्ड' रोवून येतो, म्हणजे शत्रू कुठून येतोय ते उरलेल्या चौघांना दिसावं. आणि रोवताना बहुधा तोच सापडतो. पण याच पाचव्या जागेवर खेळणारा डेन्मार्कचा योहान सुंडस्टाइन, खेळातलं नाव नोटेल, ओजी संघाचा कप्तान होता. त्या संघानं 'द इंटरनॅशनल' ही डोटाची सर्वांत मोठी स्पर्धा 2018 ला व्हँकूव्हरमध्ये आणि 2019 ला शांघायमध्ये जिंकली. लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला संघ. 2019 ला एकूण बक्षिसं होती 3 कोटी 43 लाख डॉलरची, आणि स्पर्धांतल्या कमाईत हा नोटेल जगातल्या सगळ्या ई-खेळाडूंच्या वर जाऊन कित्येक वर्षं तिथंच बसला. पिवळ्या कार्डवाला!

हे मी जेवताना घरात सांगितलं. हिनं पहिल्यांदाच या विषयात रस घेतला. "तुमचा नंबर कितवा?"

"चौथा."

"म्हणजे त्याच्याहून वरचा. मंग तुमाले काहून नाई भेटत?"

मी मग तिला रीतसर संदर्भ देऊन समजावलं. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघानं ब्राँझ पदक आणलं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. आपला खेळ दुसऱ्या वर्गात मोडतो. "म्हणजे भेटत काईच नाई," असा शेरा मारून तिनं फाइल बंद केली.

खरं सांगायचं तर सपोर्टचं शिक्षण मला मोबाइल यायच्या कितीतरी आधी मिळालं, मंडईत. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, पहाटेपर्यंत. हल्ली वडसा-देसाईगंजच्या कंपन्या येतात. तेव्हा गावातलीच हौशी मंडळी नाटक बसवायची आणि मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं ठाऊक असावी लागतात, त्याचं स्वतःचं एकही नसतं. शब्द लवकर दिला तर नट चिडतो, उशिरा दिला तर पब्लिक. मोठ्यानं दिला तर खलनायकाची धमकी आधी विंगेतून आणि मग रंगमंचावरून अशी दोनदा ऐकू येते आणि पुढच्या रांगेतली पोरं तिसऱ्यांदा स्वतःच म्हणतात.

माइकवर बोलायचं ते याच मापानं. नवखा ओरडतो, "अरे तिकडं, तिकडं, झाडामागं!" त्या बेटावर झाडं काय दोन-चार आहेत? पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते, अंशांचे आकडे लिहिलेली. "120, दगडामागं एक, घराकडं सरकून राह्यला." दिशा, आडोसा, किती जण, काय करतायत. एवढं झालं की तोंड मिटायचं, म्हणजे पावलं ऐकू येतात. हे तोंड मिटणं आमच्या आयजीएलला साधलेलं नाही. त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून उरलेलं तो रात्री आमच्याशी बोलतो. हुकूम हिंदीत, शिव्या पोवारीत, आणि हरल्यावरचा शोक मराठीत. आणि मेल्यावर तर त्याला जास्तच कंठ फुटतो. मेलेल्या गड्याला जिवंत साथीदाराच्या पडद्यावर बघत बसता येतं. म्हणजे मी एकटा उरलो की माझ्या कानात तीन मेलेले एकदम बोलतात: डावीकडं पाहा, उजवीकडं पाहा, बसा, उठा, पळा, पळू नका. जिवंतपणी त्यांनी एवढं लक्ष दिलं असतं तर ते मेलेच नसते.

बाकी आमचा स्क्वॉड काही बारमाही नाही. रोवणी लागली की भाच्याला बांधीत उतरायला गावी बोलावणं येतं. माघ पौर्णिमेला कचारगडची जत्रा भरते, लाखो गोंड भाविक येतात. त्या दिवसांत फोनचं नेटवर्क देवाच्या हवाली. पावसाळ्यात हाजरा फॉलवर रील काढायला इतकी मंडळी येतात की आमच्यातलाही एखादा तिकडंच सापडतो.

आणि बोगदा. दरेकसाच्या पुढं, छत्तीसगडच्या वाटेवर रेल्वेचा बोगदा आहे. आमचा स्नायपर धानाच्या गिरणीत हिशेब लिहितो. एकदा मालकाच्या कामानं लोकलनं डोंगरगडला निघालेला असताना गाडीतच मॅच लावून बसला. ऐन शेवटच्या वर्तुळात त्याचा गडी टेकडीवर उभ्याचा उभा थिजला. कानात नुसती खरखर. मी ओळखलं, गाडी बोगद्यात गेली. आता या उभ्या पुतळ्याचं काय करायचं? आयजीएल म्हणाला, सोडून द्या त्याले. पण सपोर्टला तसं करून चालत नाही. मी जीप नेऊन त्याच्यापुढं आडवी लावली. एका बाजूनं धूर केला. दुसऱ्या बाजूनं मीच जीपच्या चाकाआड बसलो आणि जो दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या. लागल्या किती ते विचारू नका, पण कुणी पुढं सरकलं नाही. जीपचा धूर निघायला लागला, माझं हेल्मेट गेलं, फर्स्ट एड संपलं. आणि स्नायपरचा आवाज आला, "हां, बोला. काई झालं काय जी?" एवढं विचारून त्यानं समोर दिसला तो शेवटचा गडी टिपला. चिकन डिनर! त्याच्या नावाचा जयघोष झाला. तो डोंगरगडच्या फलाटावर नाचला म्हणे.

निकालाच्या पानावर त्याच्या फिनिशचा आकडा ठळक, डॅमेजचा आकडा ठळक. जीप कुणी आडवी लावली याला रकाना नाही. मी अर्थात तक्रार केली नाही. फक्त भाच्याला चेतन चौहानची गोष्ट सांगितली. महाराष्ट्राकडून खेळलेले, सुनील गावसकरांचे सलामीचे जोडीदार. 40 कसोटी, 2084 धावा आणि शतक एकही नाही. सर्वांत जास्त 97. 1979 ला ओव्हलवर 438 चा पाठलाग करताना गावसकरांनी काढलेल्या 221 धावा आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. पण त्या डावात पहिली जोडी फुटली ती 213 वर, आणि तोवर दुसऱ्या टोकाला 80 करून उभे होते ते चौहान.

भाच्यानं मन लावून ऐकलं. "एक बी सेंच्युरी नाई? मंग तो टीममंदी काहून होता जी?"

"कव्हर देत होता," मी म्हटलं.

गेल्या आठवड्यात आमगावच्या एका स्क्वॉडचा निरोप आला. त्यांच्याकडं तीन असॉल्टर आहेत आणि चौथाही असॉल्टरच आहे. चौघेही एकदम दार फोडतात आणि एकदम मरतात. बोगद्याची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचली होती. "मामाजी, आमच्याकडं या, एअरड्रॉप तुमचा." एअरड्रॉप म्हणजे विमानातून पडणारी भारी बंदुकांची पेटी. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. सरकारी नोकरीत एवढं तर शिकलोच आहे.

बातमी टपरीवर गेली आणि संध्याकाळी तिघेही अंगणात हजर. चहा भाच्यानं स्वतः केला, आलं घालून. स्नायपरनं गिरणीतून तांदळाची पिशवी आणली होती, "घरी ठेवा जी, नवा आहे." आयजीएल चक्क गप्प बसला होता. मग भाच्यानं घसा साफ केला. पुढच्या मॅचपासून पहिलं लेव्हल थ्री हेल्मेट मामाजीचं. एअरड्रॉपमधली एडब्ल्यूएम बंदूक आठवड्यातून एकदा मामाजीच्या हातात. आणि उठवल्यावर कुणी लगेच पळणार नाही, निदान पट्टी बांधेपर्यंत.

मी चष्मा लावला. म्हटलं, हे सगळं लेखी द्या, दोन प्रतींत, तिघांच्या सह्यांनिशी. आवक नंबर टाकून घेतो, मग विचार करू. आणि खाली डाव्या कोपऱ्यात लिहा: प्रत माहितीसाठी, आमगाव.